दहाच्या पुढे

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात, असा एक समज आहे. ही गोष्ट भर दुपारची आहे. डोक्यावर ऊन होतं, गच्चीवर कपडे वाळत होते, खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर धूत होतं.

आणि ही खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावी. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. लिहायला-वाचायला मी उशिरा शिकले, त्यामुळे रंगवून सांगणं मला जमत नाही. जसं झालं तसं सांगते.

आमचं घर दोन मजल्यांचं. खाली मी आणि आमचे हे. वर माझे धाकटे दीर आणि त्यांची बायको. दिरांना मी भावजी म्हणायचे. त्यांच्या बायकोला अख्खं घर 'धाकटी' म्हणायचं, आणि ती मला ताई म्हणायची. जावा-जावांचं पटत नाही म्हणतात. आमचं इतकं पटायचं की आमचे हे म्हणायचे, या दोघी एकत्र आल्या की आपण घरात पाहुणे. मला मूल नाही, तिलाही नाही. माझी जी माया कुणावर करायची राहून गेली होती, ती तिच्यावर झाली.

गच्चीवर पत्र्याची शेड होती. तो भावजींचा कारखाना.

रिमोटवर उडणारी छोटी विमानं असतात ना, त्यांचे पंख ते बनवायचे. खेळण्यातली विमानं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "वहिनी, खेळणं पडलं की हसू येतं, विमान पडलं की रडू येतं," असं म्हणायचे.

पंख थर्माकोलचे. थर्माकोल सुरीने कापला की दाणे सुटतात, कड उंदराने कुरतडल्यासारखी होते. म्हणून तो तापलेल्या तारेने कापायचा. लाकडाची एक लांब कमान, तिच्या दोन टोकांमध्ये ताणलेली बारीक तार. तारेत वीज सोडली की ती तापते. लाल होत नाही, दिसायला थंडच दिसते, पण बोट लागलं की फोड. ओल्या साबणातून दोरा जावा तशी ती ठोकळ्यातून जाते. आवाजही होतो. अगदी बारीक, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा... पण न थांबणारा.

ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना सनमायकाचे फर्मे, म्हणजे पंखाच्या कडेच्या आकाराचे साचे, लावलेले. एक मोठा, विमानाच्या अंगाकडचा. एक लहान, पंखाच्या शेंड्याकडचा. तार या फर्म्यांच्या कडेवरून सरकत गेली की ठोकळ्याला तो आकार येतो. आता एक फर्मा लांब आणि दुसरा आखूड. म्हणजे मोठ्या बाजूच्या माणसाने भराभर जायचं आणि शेंड्याकडच्याने रेंगाळत. पण पोचायचं दोघांनी एकदम. जरा पुढेमागे झालं की पंख पिळला जातो, आणि पिळलेला पंख विमानाला मातीत घालतो.

म्हणून दोन्ही फर्म्यांवर दहा-दहा खुणा होत्या. मोठ्या बाजूला भावजी, शेंड्याला धाकटी. दोघं टेबलाच्या एकाच अंगाला, पाठ दाराकडे करून उभे राहायचे आणि तार आपल्याकडे ओढायचे. हात पुरला नाही की एक पाऊल मागे. भावजी आकडा म्हणायचे. धाकटीची तार त्या खुणेला लागली की ती म्हणायची, आले. मग पुढचा आकडा.

"तीन."

"आले."

"चार."

"आले."

नजर ज्याच्या त्याच्या खुणेवर. दुसऱ्याकडे बघायचं नाही, बघितलं की हात चुकतो. सगळी भिस्त आवाजावर.

फक्त सुरुवातीला बघायचं. वीज सोडण्याआधी भावजी मान वर करून तिच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "आहेस?" ती म्हणायची, "आहे." हे कधी चुकलं नाही. सकाळपासून दोघांचा अबोला असला तरी हे व्हायचंच. धाकटी मग चिडवायची, की नसेन तर काय, माझं टोक शेजारणीला देणार का.

मी तिथे खुर्ची टाकून मटार सोलत बसायचे. मला ते आकडे ऐकायला आवडायचे. मध्येच भावजींना खोकला यायचा. थर्माकोल जळल्याचा धूर घशाला लागतो. खोकत खोकत आकडा म्हणायचे, पण हात हलायचा नाही.

शेवटी त्याच खोकल्याने त्यांना नेलं. डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं की हे काम सोडा. ते ऐकणाऱ्यातले नव्हते. थंडी सरता सरता गेले.

धाकटी फारशी रडली नाही. तिचं एकच चालू होतं. मास्तरांच्या विमानाचा डावा पंख कापून झालाय आणि उजवा राहिलाय.

मास्तर म्हणजे शहराबाहेरच्या मैदानावर ही विमानं उडवायला शिकवणारे गृहस्थ. भावजींचे जुने गिऱ्हाईक. ते बिचारे म्हणाले, राहू दे, काही घाई नाही. पण धाकटीला ते सहन होईना. एका पंखाचं विमान घरात कसं ठेवू, म्हणायची.

आमचे हे मदतीला गेले. त्यांनी कमानीचं टोक धरलं, धाकटीने आकडे म्हटले. ह्यांनी तार अशी काही ओढली की पंखाऐवजी उशी तयार झाली. त्या दिवशी धाकटी पहिल्यांदा हसली. मला इतकं बरं वाटलं की ती उशी मी बरेच दिवस टाकली नाही.

मग एका दुपारी...

मी खाली कपड्यांच्या घड्या घालत होते. वरून आवाज आला.

"आले."

थोडा वेळ गेला.

"आले."

मला वाटलं, हे पुन्हा गेले वाटतं वर. आता दुसरी उशी. मी हसतच बाहेरच्या खोलीत आले.

हे तिथेच होते. तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होते.

वरून पुन्हा आलं. "आले."

मी जिन्यापाशी उभी राहून ऐकलं. धाकटीचा आवाज स्वच्छ येत होता. दोन 'आले'च्या मध्ये जेवढा वेळ जायला हवा, तेवढाच जात होता. पण त्या मधल्या वेळात... काहीच नव्हतं.

मी वर गेले तोवर काम झालं होतं. टेबलावर उजवा पंख होता. धाकटी ब्रशने केसांमधले थर्माकोलचे धागे काढत होती. हे धागे तार निघताना सुटतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. तिचा चेहरा उजळला होता.

"झाला," म्हणाली.

मी विचारलं, दुसरं टोक कुणी धरलं होतं? ती म्हणाली, कुणी नाही. मग पाठ वळवून आवराआवर करायला लागली.

मी स्वतःची समजूत घातली. भावजींनी एकट्याने कापण्यासाठी एक सोय करून ठेवली होती. भिंतीला कप्पी, तिच्यावरून दोरी, दोरीला वजन. धाकटीने तीच वापरली असणार. आणि 'आले' तर तोंडाला बसलेलंच होतं. माणूस गेलं तरी सवय जात नाही. मी माझ्या आईच्या मागे किती वर्षं दोन कप चहा टाकत होते.

पंख सुंदर झाला होता. मास्तर घेऊन गेले आणि महिन्याभरात आणखी जोड्यांची मागणी घेऊन आले. धाकटी रोज दुपारी वर जायला लागली.

मी झाडू मारायला शेडमध्ये गेले तेव्हा सहज त्या कप्पीकडे लक्ष गेलं.

कप्पीवर दोरी नव्हती. खोबणीत कोळ्याचं जाळं होतं. खरं जाळं. धूळ धरलेलं, जुनं.

मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तिला जमत असेल एकटीला, तू उगाच पराचा कावळा करू नकोस." पण त्यांनीही वर जाऊन ती कमान हातात घेऊन पाहिली. एवढी लांब कमान एका टोकाला धरून सरळ राहत नाही. दुसरं टोक खाली झुकतंच. ते खाली आले आणि त्या दिवशी रेडिओ लावला नाही.

दरम्यान धाकटी बदलत चालली होती.

ती बोलायची, पण तेवढ्यापुरतं. जेवायला बसायची आणि ताट तसंच असायचं. तिची टिंगल, टोमणे, गल्लीतल्या बायकांच्या नकला, सगळं हळूहळू गेलं. घरात जिथे तिचा आवाज असायचा, तिथे आता भांड्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

एकदा ती ओट्यापाशी उभी होती. दूध तापत ठेवलं होतं. मी दारात होते, तिला ते माहीत नव्हतं. ती दुधाकडे बघत होती. आणि बघता बघता...

एक पाऊल मागे आली.

थांबली. ओठ हलले. मग आणखी एक पाऊल मागे.

मी हाक मारली तशी दचकली. दूध उतू गेलं होतं. मी विचारलं, काय करत होतीस? तिला खरंच माहीत नव्हतं. मी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला रडू आलं, म्हणून मी ओटा पुसायला घेतला.

त्याच आठवड्यात मास्तर आले. त्यांच्या हातात एकच पंख होता. चहा घेतला नाही. धाकटी वर आहे याची खात्री करून घेतली आणि मग आम्हाला सांगितलं.

तिच्या पंखांचं पहिलं विमान असं उडालं होतं की मैदानावरची माणसं आपापली विमानं उतरवून बघत राहिली. दुसरंही तसंच. तिसऱ्याच्या वेळी मास्तरांनी रिमोटची कांडी डावीकडे दाबली, विमान सरळ गेलं. उजवीकडे दाबली, तरी सरळ. बॅटरी ठीक होती, सगळं ठीक होतं. ते सरळ जात जात दिसेनासं झालं. मग चौथंही गेलं. शोधायला माणसं पाठवली. एक तुकडासुद्धा मिळाला नाही.

"रिमोट माझ्या हातात होता हो," मास्तर म्हणाले. "पण विमान दुसऱ्याच कुणाचं तरी ऐकत होतं."

मग त्यांनी तो पंख माझ्या हातात दिला आणि नख फिरवून बघायला सांगितलं. मी फिरवलं. काचेवरून फिरवावं तसं गेलं. ते म्हणाले, तार प्रत्येक आकड्याला क्षणभर थांबते ना, तिथे एक हलकी रेघ उमटतेच. कितीही कसलेला हात असू दे. भावजींच्या पंखांवर त्या रेघा असायच्या, खोकल्याच्या जागी तर ठळक असायच्या. मास्तर त्यांना चिडवायचे त्यावरून.

या पंखावर एकही रेघ नव्हती.

"हे माणसाच्या हाताचं काम नाही," असं काहीतरी ते बोलणार होते. त्याऐवजी उठले. पंख तिथेच ठेवून गेले.

मी तडक वर गेले. धाकटी टेबल पुसत होती. मी दार लावलं आणि सरळ विचारलं.

ती लपवायला लागली नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिला हलकं वाटल्यासारखं दिसलं. म्हणाली, उजवा पंख कापला त्या दिवशी तिने ठोकळा लावला, वीज सोडली आणि सवयीने आपल्या टोकाला जाऊन उभी राहिली. नजर आपल्या खुणेवर. दुसऱ्या टोकाकडे बघायचं तिच्या लक्षातच आलं नाही. आपण एकट्या आहोत हेही लक्षात नव्हतं. आणि आकडा आला. एक. तिने उत्तर दिलं.

"तेच आहेत, ताई."

"आवाज त्यांचा आहे?"

तिने फडकं खाली ठेवलं. "आकडे त्यांचे आहेत."

"आधी 'आहेस' विचारतात?"

"नाही."

"आणि खोकतात का गं?"

ती पुन्हा टेबल पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "तिकडे गेल्यावर खोकला बरा होत असेल ना, ताई."

 मी एवढंच विचारलं, तू कधी मान वर करून बघितलंस का त्या टोकाला?

तिने मान हलवली. नाही. बघितलं की हात चुकतो.

मग खालच्या आवाजात आणखी एक सांगितलं. फर्म्यावर खुणा दहाच आहेत. दहाला तार बाहेर येते आणि काम संपतं. पण हल्ली दहानंतर... ते थांबत नाहीत. परवा अकरा म्हणाले.

"आणि तू?"

"आले म्हटलं."

त्या संध्याकाळी मी आणि ह्यांनी मिळून तारेला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर शेडमधून काढला आणि आमच्या पलंगाखाली ठेवला. शेडचा फ्यूजही काढला. धाकटीने विरोध केला नाही. उलट म्हणाली, बरं झालं. त्या रात्री आमच्याबरोबर जेवली. खूप दिवसांनी ह्यांच्या घोरण्याची नक्कल केली. मी देवाला हात जोडले.

काही दिवस चांगले गेले.

मग ती दुपार आली.

लाइट गेली होती. सगळ्या गल्लीची गेली होती. पंखा थांबला, ह्यांचा रेडिओ थांबला, समोरच्या घरातली गिरणी थांबली. अशा वेळी किती शांत होतं ते तुम्हाला माहीत आहे. हे बाहेर गेले होते. मी भाकरीचं पीठ मळत... नाही, भांडी विसळत होते. नळ बंद केला.

आणि वरून...

"आले."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ट्रान्सफॉर्मर माझ्या पलंगाखाली होता. लाइट नव्हती. तार तापणार कशाने? मला वाटलं, भास आहे.

"आले."

हा आवाज शेडमधून येत नव्हता. तो जवळ आला होता. गच्चीच्या मधून.

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे.

गच्चीच्या दारात पोचले.

शेडची दोन्ही दारं सताड उघडी होती. आत टेबलावर ठोकळा कापून पडला होता. आणि धाकटी उन्हात होती. कमानीचं एक टोक दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. नजर खाली, तारेवर. ती मागे मागे येत होती. पाठ कठड्याकडे.

कमानीचं दुसरं टोक...

हवेत होतं. सरळ. तिच्या बरोबरीने, तिच्याच उंचीवर. जरासुद्धा झुकलेलं नव्हतं.

तिथे कुणी नव्हतं. ऊन होतं. फरशीवर धाकटीची सावली होती, कमानीची सावली होती. बस.

मध्ये कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी होती. धाकटी खाली वाकून मागे सरकली. तार त्या दोरीला लागली. बारीक चर्र झालं. दोरी तुटली आणि सगळे कपडे जमिनीवर आले.

तार तापलेली होती.

आमच्या गच्चीचा कठडा बुटका आहे. मांडीलासुद्धा लागत नाही. भावजी नेहमी म्हणायचे वाढवायला हवा. धाकटीच्या टाचा आणि कठडा यांच्यात आता दोन पावलं उरली होती.

"आले," ती म्हणाली. एक पाऊल मागे.

मी ओरडणार होते. पण ओरडले असते तर ती दचकली असती, आणि दचकून माणूस मागेच जातं. पळत जाऊन तिला धरावं तर मध्ये ती तार आडवी होती.

एकच जागा मोकळी होती. दुसरं टोक.

मी गेले आणि ते धरलं.

कमानीची मूठ कोमट होती. उन्हाची नव्हे. कुणीतरी धरून आताच हात बाजूला केल्यासारखी... किंवा न केल्यासारखी. कमानीला वजन नव्हतं. मी ती खाली ओढायचा प्रयत्न केला. ती हलली नाही. माझी सगळी ताकद लावली तरी ती केसभर हलली नाही.

आणि मग मला आकडा ऐकू आला.

"चौदा."

तो आवाज भावजींचा नव्हता. पुरुषाचा नव्हता, बाईचाही नव्हता. त्यात राग नव्हता, हाक नव्हती, माया नव्हती. कानाशी आला असं म्हणावं तर कानाशीही नाही. नुसतं कुणीतरी मोजत होतं.

पलीकडे धाकटीचे ओठ उघडले.

तिच्याआधी मी म्हटलं, "आले."

का म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही. एवढंच कळत होतं की उत्तर एकच लागतं. ते तिने द्यायला नको होतं.

धाकटीने मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्या टोकाकडे बघितलं. आणि तिथे मी होते. लुगड्याचा पदर डोक्यावरून घसरलेली, हात ओले, धापा टाकणारी तिची म्हातारी जाऊ.

तिचे हात सुटले.

टण् असा आवाज झाला. तार तुटली होती. कमान एकदम जड झाली आणि माझ्या हातातून निसटून फरशीवर आपटली.

धाकटी कठड्याला टेकली नव्हती. कठड्याच्या अलीकडे, मटकन खाली बसली. मी तिला ओढून शेडच्या भिंतीशी आणलं. तिचं अंग थंडगार होतं, त्या उन्हात.  मग तिने विचारलं,

"उत्तर कुणी दिलं, ताई?"

"मी."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "तुम्ही कशाला दिलंत," एवढंच म्हणत राहिली. किती विचारलं तरी पुढे काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

शेड आम्ही पाडली. पत्रे भंगारात दिले. फर्मे आणि कमान ह्यांनी स्वतः जाळली. टेबलावरचा तो शेवटचा पंख जळेना, नुसता आक्रसत गेला, मग ह्यांनी तो कुठेतरी नेऊन पुरला. कुठे ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कठडा आता छातीएवढा आहे.

धाकटी माहेरी भावाकडे गेली. ती बरी आहे. हे मला आधी सांगायला हवं होतं, कारण तुम्हाला तिचीच काळजी असेल. तिथे एका शिवणाच्या दुकानात काम करते. अंगाने भरली आहे. फोन करते तेव्हा पहिल्यासारखी टोमणे मारते, ताई अजून तुमची भाजी खारटच होते का, असं विचारते. मग हसते. मीही हसते.

पण फोन ठेवताना ती दर वेळी एक गोष्ट विचारते. हसत नाही तेव्हा. विचारते, "सगळं ठीक ना, ताई? काही ऐकू वगैरे येत नाही ना?"

मी म्हणते, नाही गं, म्हातारपण आलं, आता काय ऐकू येणार.

ती दुसरीकडे सुखी आहे. तिला का सांगू?

गेल्या पावसाळ्यात मी बँकेत रांगेत उभी होते. माझ्या पुढे पाच-सहा माणसं, मागेही तेवढीच. दुपारची वेळ. वरचा पंखा फिरत होता. आणि लाइट गेली. पंखा थांबला. सगळे गप्प झाले. त्या शांततेत...

"पंधरा."

मी ओठ घट्ट मिटले. पदर तोंडावर दाबला. उत्तर दिलं नाही. देवाशपथ सांगते, एक अक्षर तोंडातून गेलं नाही.

पण मागच्या माणसाने माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "आजी, जरा बघून. माझ्या पायावर उभ्या आहात."

मी एक पाऊल मागे आले होते.

ह्यांना सांगितलं नाही. ह्यांना इतकंच दिसतं की हल्ली मी घराच्या मध्ये कुठे उभी राहत नाही. जिन्याकडे तर पाठ करतच नाही. भांडीसुद्धा ओट्याशी उभी राहून नाही, भिंतीशी बसून घासते. हे चेष्टा करतात, की तू भिंतीला सोडलंस तर भिंत पडेल का गं.

मी म्हणते, हो, पडेल.

आता हे लिहीत आहे तेव्हाही पाठ भिंतीला लावूनच बसले आहे. अगदी घट्ट. मागे पाऊल टाकायला जागाच ठेवलेली नाही.